धावपट्टीपुढे जेट लहान : कॅरिबियन बेटांच्या विमानप्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका टिपणात, कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टेन बेटाच्या विमानतळावर नाताळच्या सुमारास खासगी जेट विमानांची कशी रीघ लागते, याचा ओझरता उल्लेख आम्ही केला होता. त्यावर अनपेक्षितपणे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी न्यूयॉर्कमध्ये नोकरी करते. तिच्या कार्यालयातील एक वरिष्ठ दर नाताळात सहकुटुंब सेंट बार्थ नावाच्या बेटावर स्वतःच्या जेट विमानाने जातात; पण ते विमान त्या बेटावर उतरतच नाही, शेजारच्या बेटावर उतरून पुढे एका लहानशा पंख्याच्या विमानात बसावे लागते, असे ती सांगते. एवढे वैभव असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? (एक वाचक, पुणे)

आपल्या मुलीने दिलेली माहिती अगदी बरोबर आहे. सेंट बार्थ, म्हणजे सेंट बार्थेलेमी, हे फ्रान्सच्या ताब्यातील चिमुकले बेट आहे आणि त्याच्या विमानतळाची धावपट्टी अवघी ६४६ मीटर लांब आहे. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचा हा जेमतेम पाचवा हिस्सा झाला. शिवाय ही धावपट्टी मोकळ्या माळावर नाही. तिच्या पश्चिमेकडील टोकाशी एक टेकडी उभी आहे आणि पूर्वेकडील टोक थेट सेंट-जाँच्या पुळणीत जाऊन संपते. त्या भागात वारा बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतो, कारण हा व्यापारी वाऱ्यांचा पट्टा आहे. आणि विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचे असते. त्यामुळे वैमानिकाला टेकडीच्या खिंडीवरून, तेथील रस्त्यावरच्या मोटारींच्या अगदी थोडे वरून येऊन लगेच नाक खाली करावे लागते, उतार धरून धावपट्टी गाठावी लागते आणि समोर समुद्र दिसत असताना विमान थांबवावे लागते.

आता जेटचे गणित पाहू. सेंट बार्थला जाणारे ट्विन ऑटर हे एकोणीस आसनांचे दोन पंख्यांचे विमान ताशी साधारण १४० किलोमीटर वेगाने उतरायला येते. लहान आकाराचे खासगी जेटसुद्धा ताशी २०० ते २२० किलोमीटरच्या खाली सहसा येत नाही. हा फरक दीडपट दिसतो. परंतु थांबवावी लागणारी गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, वजन सारखेच धरले तरी ब्रेकवरचा भार सुमारे सव्वादोनपट होतो. त्यात ट्विन ऑटरच्या पंख्यांची पाती उलट कोनात फिरवून हवा पुढच्या बाजूला फेकता येते आणि त्यामुळे विमान जमिनीला टेकताच मागून कोणी ओढून धरावे तसे मंदावते.

याखेरीज नियमाचा भाग आहे. भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्या जेट विमानाने उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्के लांबीतच पूर्ण थांबता आले पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. उरलेले ४० टक्के ओल्या जमिनीसाठी, चुकलेल्या अंदाजासाठी आणि माणसाच्या हातून होणाऱ्या विलंबासाठी राखलेले असतात. सेंट बार्थच्या बाबतीत हे ६० टक्के म्हणजे ३८८ मीटर होतात. आखूड आणि कच्च्या धावपट्ट्यांसाठीच खास घडवलेल्या पिलाटस कंपनीच्या पीसी-२४ या जेटलासुद्धा, कोणतीही सूट न धरता, उतरण्यासाठी ७०० मीटरहून अधिक जागा लागते. तेव्हा आपल्या मुलीच्या वरिष्ठांचे जेट कितीही महाग असले तरी ते सेंट मार्टेनच्या प्रिन्सेस युलियाना विमानतळावरच थांबणार. तेथे २,३०० मीटरची धावपट्टी आहे आणि तेथून पुढचा हवाई प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा आहे.

प्रश्न : मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. पैशांची टंचाई नसताना ती धावपट्टी वाढवली का जात नाही? भराव टाकून समुद्रात विमानतळ बांधल्याची उदाहरणे जगात आहेत. (एक वाचक, नाशिक)

तांत्रिकदृष्ट्या अशक्य असे काही नाही, हे आपले म्हणणे मान्य आहे. पश्चिमेकडे टेकडी कापावी लागेल आणि पूर्वेकडे सेंट-जाँची पुळण आणि उपसागर बुजवावा लागेल. मात्र हे बेट पाहायला लोक येतात ते त्या पुळणीसाठीच, म्हणजे धावपट्टी वाढवायची तर जे पाहायला पाहुणे येणार तेच बुजवायचे. आमचे वैयक्तिक मत असे की, तेथील रहिवाशांना ही लहान धावपट्टी अडचणीची वाटण्यापेक्षा सोयीची वाटत असावी. सुमारे २५ चौरस किलोमीटरच्या बेटावर दीडशे-दोनशे प्रवाशांची विमाने रोज उतरू लागली तर त्या बेटाचे काय होईल, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. आपल्याकडच्या गिरिस्थानांवर शनिवारी-रविवारी काय होते ते आपण पाहतोच.

इतिहासाचा एक धागा येथे सांगण्याजोगा आहे. या विमानतळाला दीर्घकाळ स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याचे नाव होते. फ्रान्सने १७८४ मध्ये हे बेट स्वीडनला दिले आणि १८७८ मध्ये ते परत घेतले. राजधानीचे गुस्ताविया हे नाव त्याच काळातले. पुढे विमानतळाला रेमी द हानेन यांचे नाव मिळाले. सेंट-जाँच्या गवताळ मैदानावर पहिले विमान उतरवणारे धाडसी वैमानिक तेच, आणि नंतर ते बेटाचे महापौरही झाले. आज जेथे धावपट्टी आहे तेथेच ते मैदान होते. थोडक्यात, ही जागा कोणा नियोजनकाराने निवडलेली नाही. डोंगराळ बेटावर सपाट म्हणता येईल अशी तेवढीच जमीन होती.

प्रश्न : लहान विमानाची आम्हाला धास्ती वाटते. सेंट बार्थला अपघात झालेले आहेत का? (एक वाचिका, ठाणे)

होय, झालेले आहेत, आणि ते लपवून धीर देण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठा अपघात २४ मार्च २००१ रोजी झाला. सेंट मार्टेनहून येणारे ट्विन ऑटर उतरण्याच्या बेतात असताना टेकडीजवळ कोसळले. विमानातील सर्व १९ जण आणि जमिनीवरील एक व्यक्ती मृत्युमुखी पडली. फ्रेंच तपास यंत्रणेने काढलेला सर्वांत संभाव्य निष्कर्ष असा होता की, वेग कमी करण्यासाठी पंख्यांची पाती हवेत असतानाच अशा कोनात नेली गेली, जो केवळ जमिनीवर वापरायचा असतो, आणि त्यामुळे विमानाचा तोल गेला. वर पहिल्या उत्तरात ज्या सोयीचे आम्ही कौतुक केले, तीच सोय चुकीच्या क्षणी वापरली तर घात करू शकते.

म्हणूनच तेथे विमान उतरवण्यासाठी नेहमीचा वैमानिक परवाना पुरत नाही. प्रत्यक्ष त्याच विमानतळावर प्रशिक्षण घेऊन वेगळी पात्रता मिळवावी लागते. जे वैमानिक ही फेरी दिवसातून अनेकदा करतात, त्यांच्या हातात आपण अधिक सुरक्षित असतो. स्वतःचे लहान विमान घेऊन हौसेने येणाऱ्या पाहुण्या वैमानिकांची चाके धावपट्टीवरून घसरून पुळणीत रुतल्याचे प्रसंग तेथे अधूनमधून घडतात. आपल्या धास्तीला आम्ही अनाठायी म्हणणार नाही. ज्यांना ती आवरत नाही त्यांच्यासाठी सेंट मार्टेनहून गुस्तावियाला बोटही जाते. मात्र त्या खाडीत लाटा बऱ्याच असतात, तेव्हा समुद्र लागत असेल तर औषध जवळ ठेवावे.

प्रश्न : मुंबईहून खासगी जेटने थेट, कोठेही न उतरता, सेंट मार्टेनला जाता येईल का? (एक वाचक, विलेपार्ले, मुंबई)

कागदावर येईल, व्यवहारात बहुधा नाही. मुंबई आणि सेंट मार्टेन यांतील हवाई अंतर सुमारे १३,७०० किलोमीटर आहे. गल्फस्ट्रीम जी-६५०ईआर या लांब पल्ल्याच्या जेटचा जाहीर पल्ला ७,५०० सागरी मैल, म्हणजे सुमारे १३,९०० किलोमीटर आहे, आणि बोंबार्डिअरचे ग्लोबल ७५०० त्याहून थोडे पुढे जाते. आकडे पाहता प्रवास जमतो असे वाटते. परंतु जाहीर पल्ला हा मोजके प्रवासी, वारा शून्य आणि ठरावीक मितव्ययी वेग धरून काढलेला असतो. मुंबईहून पश्चिमेकडे जाताना युरोपवरून आणि उत्तर अटलांटिकवरून जावे लागते, आणि त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून, म्हणजे समोरून येतात. त्यात काही देशांचे आकाश टाळण्यासाठी घ्यावे लागणारे वळसे मिळवले, आणि गंतव्य विमानतळ बंद झाला तर दुसरीकडे जाण्यापुरते इंधन राखून ठेवले, की तो दोनशे किलोमीटरचा फायदा केव्हाच संपून जातो.

यावर सोपा उपाय म्हणजे वाटेत एकदा इंधन भरणे. योगायोग असा की, पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते सेंट मार्टेन हा सर्वांत जवळचा मार्ग आखला तर पोर्तुगालची राजधानी लिस्बन जवळजवळ त्या रेषेवरच येते. मुंबई ते लिस्बन सुमारे ८,००० किलोमीटर आणि तेथून सेंट मार्टेन सुमारे ५,७०० किलोमीटर, अशी विभागणी होते, आणि थांब्यामुळे अंतर जवळपास वाढतच नाही. नकाशाचा चपटा कागद पाहून हे लक्षात येत नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा धरून पाहावे. वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असते, म्हणून लिस्बनला दुसरा चमू आधीच येऊन थांबलेला असतो, किंवा मग प्रवाशांनी एक रात्र तेथे घालवावी.

प्रश्न : २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर आपला क्रिकेट संघ बार्बाडोसहून खास विमानाने आला होता. ते विमान खासगी होते का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

‘खासगी’ आणि ‘भाड्याने घेतलेले’ यांत आपण गल्लत करू नये, म्हणून हा प्रश्न आवर्जून घेतला. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवले. त्याच वेळी बेरिल हे चक्रीवादळ विंडवर्ड बेटांच्या दिशेने येत होते. बार्बाडोसचा ग्रँटली अॅडम्स विमानतळ बंद करण्यात आला आणि संघ, त्याच्यासोबतचे अधिकारी आणि वार्तांकनासाठी गेलेले पत्रकार तेथेच अडकले. वादळ १ जुलैला बार्बाडोसच्या दक्षिणेकडून जाऊन ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळले. विमानतळ उघडल्यावर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने एअर इंडियाचे बोईंग ७७७ खास फेरीसाठी घेतले. त्या फेरीचा क्रमांकही प्रसंगाला साजेसा ठेवला होता : एआयसी२४डब्ल्यूसी. सुमारे सोळा तास विनाथांबा उडून ते ४ जुलैच्या सकाळी दिल्लीत उतरले आणि त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर काय झाले ते आपण सर्वांनी पाहिलेच.

म्हणजे ते नेहमीचे प्रवासी विमान होते. फक्त त्याची एक फेरी एकाच ग्राहकाने विकत घेतली होती. ते बार्बाडोसला उतरू शकले याचे श्रेय तेथील ३,३०० मीटरहून लांब असलेल्या धावपट्टीला जाते. एके काळी या धावपट्टीवर काँकॉर्ड हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान उतरत असे, आणि निवृत्त झालेले एक काँकॉर्ड अजूनही त्या विमानतळाच्या आवारात जतन करून ठेवलेले आहे. हेच विमान सेंट बार्थला न्यायचे म्हटले असते तर, सांगायला नको. आणि मागील उत्तराशी जोडून एक गोष्ट लक्षात घ्यावी : ही फेरी पूर्वेकडे होती, वारा पाठीशी होता.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त आम्ही दहा जण मिळून भाड्याच्या जेटने सेंट मार्टेन आणि सेंट बार्थला जाण्याचा विचार करीत आहोत. आई-वडील भारतीय पारपत्रावर, पर्यटक व्हिसावर येथे आले आहेत. काय काळजी घ्यावी? (एक वाचिका, न्यू जर्सी, अमेरिका)

प्रथम आपल्या आई-वडिलांना शुभेच्छा. आता काळजीच्या गोष्टींचा क्रम आम्ही आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळा लावणार आहोत, कारण बहुतेक लोक विमानापासून सुरुवात करतात आणि व्हिसावर येऊन अडतात.

खासगी विमानाने जाणाऱ्याला पारपत्र तपासणी नसते, असा एक गोड गैरसमज आहे. तपासणी असते, फक्त रांग नसते. सेंट मार्टेन बेट १६४८ च्या करारापासून दोन देशांत वाटलेले आहे. दक्षिणेकडील सिंट मार्टेन हा २०१० पासून नेदरलँड्सच्या राज्यातील स्वायत्त देश आहे आणि मोठा विमानतळ त्याच्या हद्दीत आहे; उत्तरेचा भाग फ्रेंच आहे. सेंट बार्थ २००७ पासून फ्रान्सचा स्वतंत्र सागरपार प्रदेश आहे. तेथे युरो चालतो, पण हा प्रदेश शेंगेन, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या क्षेत्रात मोडत नाही. म्हणून एकाच सहलीत आई-वडिलांना डच आणि फ्रेंच अशा दोन वेगळ्या प्रवेशनियमांना सामोरे जावे लागेल. फ्रान्सचा किंवा शेंगेनचा व्हिसा असला तरी तो सेंट बार्थला चालेलच असे गृहीत धरू नये. अमेरिकेतील फ्रेंच आणि डच वकिलातींकडून दोन्हींबाबत लेखी उत्तर घ्यावे आणि तोवर विमानाची अनामत भरू नये. अमेरिकेत परत येताना त्यांचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आणि मुदतीत असावा लागेल, हेही तपासावे. येथे चूक झाली तर सर्वांत चांगल्या जेटनेही ती भरून निघत नाही.

विमान घेताना दलालाशी बोलताय की प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीशी, हे पहिल्याच फोनवर विचारावे. दलाली बेकायदा नाही आणि चांगले दलाल उपयोगीही पडतात. परंतु करारावर विमान चालवणाऱ्या कंपनीचे नाव आणि विमानाचा नोंदणी क्रमांक आलाच पाहिजे. अमेरिकेत भाडे घेऊन अशा प्रकारे प्रवासी नेण्यासाठी केंद्रीय विमान प्रशासनाचे ‘पार्ट १३५’ खालील प्रमाणपत्र लागते. भारतात त्याच जागी नागरी विमान महासंचालनालयाचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना असतो. काही विमानमालक हा परवाना न घेता ‘खर्च वाटून घेऊ’ अशा भाषेत स्वस्तात नेण्याची तयारी दाखवतात. ते स्वस्त असण्याचे कारण असे की, वैमानिकांच्या विश्रांतीचे, तपासणीचे आणि वर सांगितलेल्या ६० टक्क्यांचे कडक नियम त्यांनी आपल्यापुरते बाजूला ठेवलेले असतात, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. येथे काटकसर करू नये.

न्यू जर्सीच्या टेटरबरो विमानतळावरून सेंट मार्टेन सुमारे २,७५० किलोमीटर, म्हणजे साधारण चार तासांवर आहे. दहा माणसे आणि त्यांच्या बॅगा धरल्या तर अगदी लहान जेट पुरणार नाही. मध्यम किंवा त्याहून एक पायरी वरचे घ्यावे लागेल. दरपत्रक मागताना केवळ ताशी दर पाहून हुरळून जाऊ नये. तुम्हाला उतरवून विमान रिकामे परत जाणार असेल तर त्या रिकाम्या फेरीचे पैसेही तुम्हीच देता. तेथेच थांबणार असेल तर पार्किंग, चमूचा मुक्काम, उतरण्याचे शुल्क आणि विमानतळावरील सेवा पुरवणाऱ्या संस्थेचे शुल्क वेगळे लागते. उलट, दुसऱ्या कोणासाठी रिकामे परतणारे विमान मिळाले, ज्याला या धंद्यात ‘एम्प्टी लेग’ म्हणतात, तर दर बराच उतरतो; मात्र मूळ ग्राहकाने बेत बदलला की तुमचाही बेत बदलतो. पन्नासाव्या वाढदिवसाचा मुहूर्त त्याच्या भरवशावर ठेवू नये असे आम्हाला वाटते.

प्रवाशांची नावे, जन्मतारखा आणि पारपत्र क्रमांक विमान सुटण्याआधीच अमेरिकी सीमाशुल्क खात्याला संगणकावरून कळवावे लागतात, जाताना आणि येतानाही. हे काम कंपनी करते, पण तुम्ही कळवलेल्या नावातील स्पेलिंग चुकले तर खोळंबा तुमचाच होतो. आई-वडिलांच्या पारपत्रावर आडनाव कोणत्या रकान्यात आहे ते नीट पाहून द्यावे, कारण भारतीय पारपत्रांत हा घोळ फार असतो. परतताना ज्या विमानाला खास सूट नसेल त्याला दक्षिणेकडून अमेरिकेत शिरताना वाटेतल्या नेमून दिलेल्या विमानतळावर आधी उतरून तपासणी करून घ्यावी लागते. विमानाला ती सूट आहे का, हे आधी विचारल्यास फ्लोरिडातला एक अनावश्यक थांबा वाचेल.

जाता जाता एक क्रिकेटची गोष्ट. इंग्रजी भाषक कॅरिबियन देशांनी प्रवाशांची माहिती आगाऊ मागवण्याची आपली सामायिक पद्धत उभी केली ती २००७ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने. त्या वेळी दहा देशांनी काही महिन्यांपुरते एकमेकांमधील प्रवास देशांतर्गत असल्यासारखा मानला होता. आपला संघ मात्र साखळी फेरीतच परतल्यामुळे भारतीय प्रेक्षकांना त्या सोयीचा फारसा लाभ झाला नाही.

प्रश्न : ही जेट विमाने मालकाला सोडून रात्री कोठे राहतात? (एक वाचक, सोलापूर)

प्रश्न साधा वाटतो, पण वर्षअखेरीस सेंट मार्टेनला हाच सर्वांत मोठा प्रश्न असतो. विमानतळ एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सिम्प्सन खाजण यांच्यामध्ये बसलेला आहे, त्यामुळे विमाने उभी करण्याची जागा मोजकी आहे. नाताळ ते नववर्ष या काळात तेथे उतरण्याची वेळ आणि उभे राहण्याची परवानगी आधीच मिळवावी लागते, आणि अनेकांना केवळ ‘प्रवासी उतरवा आणि निघा’ एवढीच मुभा मिळते. मग ती विमाने रिकामीच अँटिग्वा, पोर्तो रिको किंवा आणखी कुठे जाऊन थांबतात आणि मालकाला घ्यायला परत येतात. आपल्याकडे लग्नाच्या हॉलसमोर गाडी उभी करायला जागा नसते तेव्हा चालक फेऱ्या मारीत राहतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे एका फेरीला शेकडो लिटर इंधन जळते. हवामानबदलाचा विचार करणाऱ्या संघटना खासगी जेटवर बोट ठेवतात तेव्हा या रिकाम्या फेऱ्या हा त्यांच्या युक्तिवादातील सर्वांत भक्कम मुद्दा असतो, आणि आमच्या मते त्याला समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

प्रश्न : पुळणीवर उभ्या असलेल्या लोकांच्या डोक्यावरून विमान जाते, असे चित्रफितींत दिसते. ते खरे आहे का, आणि तेथे उभे राहणे सुरक्षित आहे का? (एक वाचक, मडगाव)

खरे आहे. ती सेंट मार्टेनची माहो पुळण. धावपट्टीचे पश्चिम टोक पुळणीला अगदी लागून आहे. उतरणारे विमान डोक्यावरून जाते तेव्हा ते भीतिदायक वाटले तरी खरा धोका उड्डाण करणाऱ्या विमानाचा असतो, कारण त्याची शेपटी पुळणीकडे असते आणि इंजिनांचा झोत कुंपणावर आदळतो. जुलै २०१७ मध्ये कुंपणाला धरून उभी असलेली न्यूझीलंडची एक महिला त्या झोताने फेकली जाऊन मरण पावली. सूचनाफलक तेथे ठळक अक्षरांत लावलेले आहेत. कुंपणापाशी उभे राहू नये.

प्रश्न : जेट आम्हा मध्यमवर्गीयांना परवडणार नाही, पण त्या आखूड धावपट्टीवर उतरण्याचा अनुभव साध्या प्रवाशाला घेता येतो का? मुलगा अॅमस्टरडॅमला असतो, त्याच्याकडून पुढे जाण्याचा विचार आहे. (एक दांपत्य, सातारा)

निश्चित घेता येतो. ज्या ट्विन ऑटरमध्ये जेटचे मालक बसतात त्याच प्रकारच्या विमानात नियमित फेऱ्यांची तिकिटे विकली जातात. अॅमस्टरडॅम आणि पॅरिसहून मोठी विमाने सेंट मार्टेनला येतात. व्हिसाविषयी न्यू जर्सीच्या वाचिकेला जे सांगितले ते आपल्यालाही लागू आहे.

वेळेकडे मात्र लक्ष द्यावे. सेंट बार्थच्या धावपट्टीवर रात्री विमाने उतरत नाहीत. सूर्य मावळला की विमानतळ मिटतो. डिसेंबरमध्ये तेथे सूर्यास्त संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास होतो. युरोपहून येणारे विमान तास-दीड तास उशिरा आले तरी शेवटची फेरी हुकू शकते, म्हणून पहिली रात्र सेंट मार्टेनलाच काढण्याचा बेत ठेवावा. सामान थोडे न्यावे. या विमानांत वजनाचा हिशोब काटेकोर असतो, प्रवाशांचेही वजन विचारतात किंवा करतात, आणि जड बॅग नंतरच्या फेरीने येण्याची शक्यता असते.

आखूड धावपट्टीचीच हौस असेल तर सेंट बार्थसोबत साबा या डच बेटाचाही विचार करावा. तेथील धावपट्टी जेमतेम ४०० मीटर आहे, नियमित प्रवासी सेवा असलेली जगातील सर्वांत आखूड म्हणून ती ओळखली जाते, आणि तिची दोन्ही टोके कड्यावर संपतात. रेमी द हानेन यांनीच १९५९ मध्ये तेथे पहिले विमान उतरवले होते. सेंट मार्टेनहून साबा पंधरा मिनिटांच्या आत येते. दोन्ही ठिकाणी शक्य तितके पुढचे आसन मागावे, कारण ट्विन ऑटरमध्ये वैमानिकांच्या मागे बहुतेकदा दार नसते आणि समोरच्या काचेतून धावपट्टी जवळ येताना दिसते.